आजोबांचा आजार आणि आपला क्लेम

‘घरात कुणाला हार्टचा त्रास आहे का?’

हा प्रश्न आपल्याकडे चार ठिकाणी विचारला जातो. डॉक्टरांच्या केबिनमध्ये, स्थळ बघायला पाहुणे आल्यावर, विम्याच्या फॉर्मवर आणि नोकरी लागताना होणाऱ्या मेडिकलमध्ये. पहिल्या ठिकाणी खरं सांगितलं तर जीव वाचू शकतो. दुसऱ्या ठिकाणी खरं सांगितलं तर स्थळ मोडू शकतं, म्हणून घरातली मोठी माणसं विषय बदलतात. तिसऱ्या आणि चौथ्या ठिकाणी खरं सांगितलं तर नेमकं काय होतं? यावर कॉलेजच्या कट्ट्यावर कुणाकडेच पक्कं उत्तर नसतं.

कोडोली आणि वारणानगरच्या पोरापोरींसाठी हा प्रश्न काही दूरचा नाही. इंजिनिअरिंग किंवा फार्मसी झालेल्यांना कॅम्पसमधून कंपनीचं ऑफर लेटर मिळतं आणि त्याच्या मागोमाग मेडिकलचा फॉर्म येतो. पहाटे रस्त्यावर पळणारी पोरं पोलीस भरतीची नाही तर सैन्यभरतीची तयारी करत असतात, त्यांच्या वाटेवरही मेडिकल आहेच. आणि दरवर्षी कुणा ना कुणाच्या घरी विम्याचा एजंट येतो, चहा घेतो, फॉर्मवर भराभर ‘नाही, नाही, नाही’ अशा टिक मारतो आणि सही घेऊन जातो. त्या ‘नाही’मध्ये आजोबांचा हार्ट अटॅक, आत्याचा कॅन्सर, मामाचा मधुमेह, सगळं गुंडाळलं जातं.

आता या सगळ्यात एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. जीन्सची तपासणी. थोडं रक्त किंवा थुंकी दिली की पुढे कुठला आजार होण्याची शक्यता आहे, हे सांगणाऱ्या टेस्ट आता आपल्याकडेही मिळतात. म्हणजे आजार झालेलाच नाही, पण ‘होऊ शकतो’ असा कागद मात्र हातात आहे. तो कागद विमा कंपनीने बघितला तर? एचआरने बघितला तर? तब्येत ठणठणीत असलेल्या माणसाला फक्त जीन्समुळे नाकारणं, याला ‘आनुवंशिक भेदभाव’ म्हणतात. आपला कायदा त्याबद्दल काय म्हणतो, हे या लेखात बघू.

जीन म्हणजे निकाल नव्हे

आधी थोडं सायन्स. घाबरू नका, बारावीपुरतंच.

आनुवंशिक आजारांचे ढोबळ दोन गट करता येतात. पहिल्या गटात एकाच जीनमधल्या बिघाडामुळे आजार होतो. थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलिया ही त्याची उदाहरणं. दुसऱ्या गटात बऱ्याच जीन्सचा थोडा थोडा वाटा असतो आणि त्यात खाणं, झोप, व्यायाम, तंबाखू, ताण यांची भर पडते. मधुमेह, ब्लड प्रेशर आणि बहुतेक हृदयविकार या गटात बसतात. या दुसऱ्या गटालाही ‘आनुवंशिक’ म्हणायचं ठरवलं, तर कोल्हापूर जिल्ह्यात आनुवंशिक आजार नसलेलं घर सापडणं मुश्कील होईल.

अजून एक फरक लक्षात ठेवायचा. ‘जन्मजात’ आणि ‘आनुवंशिक’ हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण ते एक नाहीत. जन्मजात म्हणजे जन्मताच असलेला दोष, मग त्याचं कारण काहीही असो. आनुवंशिक म्हणजे जीन्समधून आलेला, आणि तो चाळिशीतही उगवू शकतो. पॉलिसीच्या कागदात हे दोन शब्द वेगवेगळ्या ठिकाणी येतात आणि क्लेमच्या वेळी त्यांचा अर्थही वेगळा लावला जातो.

एक उदाहरण बघा. २००९ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’ या जर्नलमध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतले शास्त्रज्ञही त्यात होते. हृदयाच्या स्नायूंशी संबंधित ‘एमवायबीपीसी-३’ नावाच्या जीनमधला एक छोटा तुकडा गळालेला असेल, तर हृदयाचा स्नायू कमकुवत होण्याचा धोका वाढतो, असं त्यात दिसलं. आणि हा बदल भारतीय उपखंडातल्या शंभरातल्या साधारण ४ जणांमध्ये आहे.

हिशोब करा. तुमच्या वर्गात ७५ जण असतील तर सरासरीने ३ जणांकडे हा बदल असू शकतो. त्यांच्यापैकी बहुतेकांना तरुणपणी काहीही होत नाही, कबड्डीही खेळता येते आणि पन्हाळा चढताही येतो. धोका वाढतो तो वय वाढल्यावर. मग या ३ जणांना आजच विमा नाकारायचा? नोकरी नाकारायची? इथे प्रश्न एखाद्या दुर्मीळ रुग्णाचा राहत नाही, बाकावर शेजारी बसणाऱ्याचा होतो.

दिल्लीतला खटला

भारतात या विषयावर सगळ्यात महत्त्वाचा निकाल दिल्ली हायकोर्टाने २६ फेब्रुवारी २०१८ रोजी दिला. प्रकरण हृदयाचंच होतं.

दिल्लीतल्या एका गृहस्थांनी २००० साली युनायटेड इंडिया इन्शुरन्स या सरकारी कंपनीची मेडिक्लेम पॉलिसी घेतली आणि वर्षानुवर्षं ती रिन्यू करत राहिले. मध्यंतरी दोनदा उपचार घ्यावे लागले, तेव्हा क्लेम मिळाले. २०११ मध्ये पुन्हा हॉस्पिटलमध्ये भरती व्हायची वेळ आली. आजाराचं नाव हायपरट्रॉफिक ऑब्स्ट्रक्टिव्ह कार्डिओमायोपॅथी. सोप्या भाषेत सांगायचं तर हृदयाचा स्नायू जाड होतो आणि रक्त बाहेर जायच्या वाटेत अडथळा येतो. हा आजार बऱ्याचदा जीन्समधून येतो. आई किंवा वडील यांपैकी एकाकडे बिघडलेला जीन असला तर प्रत्येक मुलाकडे तो येण्याची शक्यता निम्मी असते.

या वेळी मात्र कंपनीने क्लेम नाकारला. कारण काय, तर पॉलिसीत ‘आनुवंशिक आजार’ वगळलेले आहेत. गृहस्थ कोर्टात गेले. खालच्या कोर्टाने ५ लाख रुपये व्याजासह द्यायला सांगितलं. कंपनी त्याविरुद्ध हायकोर्टात गेली.

हायकोर्टात न्यायमूर्ती प्रतिभा एम. सिंह यांनी क्लेम तर कायम ठेवलाच, पण त्याहून मोठा प्रश्न हातात घेतला. ‘आनुवंशिक आजार’ हा शब्द इतका मोघम आहे की त्यात हृदयविकार, ब्लड प्रेशर, मधुमेह असं सगळंच बसवता येईल, मग विमा घ्यायचा तरी कशासाठी, असा त्या निकालाचा रोख होता. आरोग्याचा अधिकार हा जगण्याच्या अधिकाराचा भाग आहे आणि योग्य तपासणी किंवा ठोस निकष नसताना केवळ आनुवंशिकतेच्या नावाखाली आरोग्य विम्यात भेदभाव करणं राज्यघटनेच्या कलम १४ मधल्या समानतेच्या विरोधात जातं, असं कोर्टाने म्हटलं.

या निकालानंतर विमा क्षेत्राचं नियमन करणाऱ्या आयआरडीएआयने मार्च २०१८ मध्ये परिपत्रक काढलं. आनुवंशिक आजाराचं कलम दाखवून क्लेम नाकारू नका आणि नव्या पॉलिसीत असं कलम घालू नका, असं कंपन्यांना सांगितलं. पुढे सप्टेंबर २०१९ मध्ये आरोग्य विम्यात काय वगळता येतं आणि काय नाही, याची सगळ्यांसाठी एकसारखी नियमावली आली. वगळता येणार नाहीत अशा गोष्टींच्या यादीत मानसिक आजारांच्या बरोबरीने आनुवंशिक आजारही होते.

मग सुटला का प्रश्न?

अर्धाच सुटला, असं म्हणावं लागतं.

पहिलं कारण, हायकोर्टाच्या निकालातला सगळ्यांना लागू होणारा जो भाग होता, त्याला सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच स्थगिती दिली. त्यामुळे ‘दिल्ली हायकोर्टाने सांगितलंय’ एवढंच म्हणून भागत नाही.

दुसरं कारण त्या निकालाच्या शब्दांतच आहे. ‘योग्य तपासणी किंवा ठोस निकष नसताना’ भेदभाव चुकीचा, असं कोर्ट म्हणतं. मग उद्या एखाद्या कंपनीने रीतसर तपासणी करून, आकडेमोड दाखवून जास्त प्रीमियम मागितला तर? ते दार बंद झालेलं नाही.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं. क्लेम नाकारणं वेगळं आणि पॉलिसीच न देणं वेगळं. पॉलिसी देण्याआधी कंपनी तुमची माहिती तपासते, याला अंडररायटिंग म्हणतात. त्या टप्प्यावर कंपनी जास्त प्रीमियम लावू शकते, काही काळ वाट बघायला लावू शकते किंवा प्रस्ताव नाकारू शकते. त्यात तुमच्या जीन्सची माहिती वापरायची नाही, असं स्पष्ट सांगणारा संसदेचा कायदा भारतात नाही. आयआरडीएआयचे नियम आहेत, पण नियम बदलायला संसद लागत नाही.

तरी गेल्या काही वर्षांत ग्राहकाच्या बाजूने दोन चांगले बदल झालेत, ते माहिती हवेत. १ एप्रिल २०२४ पासून आधीपासून असलेल्या आजारासाठी जास्तीत जास्त ३ वर्षं वाट बघायला लावता येते, पूर्वी ही मुदत ४ वर्षं होती. आणि पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिली की ‘तुम्ही माहिती लपवली’ म्हणून क्लेम नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच तो अपवाद. पूर्वी यासाठी ८ वर्षं लागायची. याचा अर्थ सरळ आहे. विमा तरुणपणी घेतला, सलग चालू ठेवला, तर चाळिशीत उगवणाऱ्या आजाराच्या वेळी तुमची बाजू भक्कम असते.

ज्यांना खासगी विमा परवडत नाही, त्यांच्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. एका कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण, आणि त्यात प्रीमियम ठरवण्यासाठी घराण्याच्या आजारांची चौकशी होत नाही. सरकारी योजना सगळ्यांना एकाच छताखाली घेते, तेव्हा जीन्सवरून माणसं निवडायचा प्रश्नच उरत नाही. हा मुद्दा लहान नाही.

नोकरीचं काय?

इथे गोष्ट मुंबईपासून सुरू होते. आणि आश्चर्य म्हणजे ती जीन्सची नाही, एचआयव्हीची आहे.

१९९७ मध्ये मुंबई हायकोर्टापुढे एका हंगामी कामगाराचं प्रकरण आलं. एका सार्वजनिक कंपनीत तो काम करत होता. कायम करायच्या वेळी मेडिकल झालं, त्यात एचआयव्ही निघाला आणि त्याला कामावरून बाजूला केलं. त्याची ओळख उघड होऊ नये म्हणून खटल्यात दोन्ही बाजूंची नावं फक्त अक्षरांत लिहिली गेली. कोर्टाने विचारलेला प्रश्न साधा होता. हा माणूस आज हे काम करू शकतो का? आणि त्याच्यामुळे इतरांना मोठा धोका आहे का? काम करू शकत असेल आणि धोका नसेल, तर पुढे कधीतरी तो आजारी पडेल या भीतीने सरकारी आस्थापनेला त्याला नाकारता येणार नाही, असा तो निकाल.

‘आज काम करता येतं का’ हा निकष जीन्सनाही तंतोतंत लागू पडतो. ज्याच्या रिपोर्टमध्ये ‘शक्यता’ लिहिली आहे, तो आज तर धडधाकट आहे.

दुसरं उदाहरण सैन्यातलं. आपल्या जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारखं अख्खं गाव सैन्याच्या नावाने ओळखलं जातं, त्यामुळे हे नीट वाचा. एका जवानाला नऊ वर्षांच्या नोकरीनंतर फिट्सच्या आजारामुळे घरी पाठवलं गेलं आणि अपंगत्व पेन्शन नाकारली गेली. कारण दिलं गेलं की आजार त्याच्या प्रकृतीतलाच आहे, नोकरीमुळे झालेला नाही. जुलै २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला. भरतीच्या वेळी मेडिकलमध्ये काही नोंद नव्हती, म्हणजे तो तंदुरुस्त होता असं धरायचं. पुढे आजार झाला तर तो नोकरीशी संबंधित नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी जवानावर नाही, सरकारवर आहे. ‘हा तुझ्या रक्तातच होता’ असं नुसतं लिहून हात झटकता येत नाहीत.

आता कायद्यांकडे येऊ. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हे तिन्ही आनुवंशिक रक्तविकार आहेत. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांमध्ये ५ टक्के जागांत त्यांचा विचार होतो. पण सरकारी नोकरीतलं जे ४ टक्के आरक्षण आहे, त्याच्या यादीत हे तीन आजार नाहीत. म्हणजे डिग्रीपर्यंत कायदा हात धरतो आणि नोकरीच्या दारात सोडतो. सिकलसेल असलेल्या गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या मुलाला हे वाक्य कसं वाटत असेल, याचा विचार करून बघा.

आणि ज्यांना आजार नाहीच, जे फक्त वाहक आहेत किंवा ज्यांच्या रिपोर्टमध्ये फक्त शक्यता आहे, ते तर या कायद्यात कुठेच येत नाहीत. ते दिव्यांग नाहीत, रुग्ण नाहीत, तरी नाकारले जाऊ शकतात. समानतेची कलमं १४ आणि १६ ही सरकारी नोकरीत उपयोगी पडतात. खासगी कंपनीच्या एचआरने घराण्याच्या आजारांबद्दल विचारू नये किंवा जीन टेस्ट मागू नये, असा वेगळा कायदा आपल्याकडे नाही.

असा कायदा करता येत नाही का? येतो की. आपणच केलाय. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरी देताना एचआयव्हीची टेस्ट ही अट ठेवायची नाही, नोकरीत भेदभाव करायचा नाही, शास्त्रीय आकडेवारीचा आधार असल्याशिवाय विमा नाकारायचा नाही, हे त्यात स्वच्छ लिहिलंय. आणि तो खासगी कंपन्यांनाही लागू होतो. त्याच साच्यात ‘एचआयव्ही’च्या जागी ‘जीन्स’ हा शब्द ठेवून बघा. अर्धा मसुदा तयारच आहे.

अमेरिकेतला गालाचा स्वॅब

अमेरिकेत २१ मे २००८ रोजी जॉर्ज बुश यांनी ‘जिना’ नावाच्या कायद्यावर सही केली. हे पूर्ण नावाचं छोटं रूप आहे, जिन्नांशी काही संबंध नाही. आरोग्य विमा आणि नोकरी या दोन ठिकाणी जीन्सच्या माहितीवरून भेदभाव करायचा नाही, असं हा कायदा सांगतो. महत्त्वाचं म्हणजे घरच्यांना कुठले आजार आहेत, ही माहितीसुद्धा त्यात ‘जीन्सची माहिती’ मानली जाते. असं विधेयक पहिल्यांदा १९९५ मध्ये मांडलं गेलं होतं, म्हणजे १३ वर्षं लागली. शेवटी मतदान झालं तेव्हा सिनेटमध्ये ९५ विरुद्ध ० आणि खालच्या सभागृहात ४१४ विरुद्ध १.

ही वेळ का आली, त्याची कारणं तिथल्या इतिहासात आहेत. १९७० च्या दशकात तिथे सिकलसेलच्या तपासण्यांची मोहीम निघाली. जे फक्त वाहक होते, ज्यांना त्रास नव्हता, अशा कृष्णवर्णीयांनाही त्यामुळे नोकऱ्या आणि विमा नाकारला गेला. पुढे एका मोठ्या रेल्वे कंपनीने मनगट दुखण्याची तक्रार करणाऱ्या कामगारांच्या रक्ताची न सांगता जीन टेस्ट केल्याचं उघड झालं. २००२ मध्ये तिला २२ लाख डॉलर मोजून प्रकरण मिटवावं लागलं.

आणि एक किस्सा तर कट्ट्यावर सांगण्यासारखा आहे. जॉर्जिया राज्यातल्या एका गोदामात कुणीतरी वारंवार घाण करून जात होतं. मालकाने संशयावरून दोन कामगारांच्या गालाचे स्वॅब घेऊन डीएनए जुळवून बघितला. दोघेही निर्दोष निघाले. ते ‘जिना’खाली कोर्टात गेले आणि २०१५ मध्ये ज्युरीने त्यांना सुमारे २२ लाख डॉलरची भरपाई दिली. वाचून हसू येतं, पण मुद्दा गंभीर आहे. कामगाराच्या शरीरातली माहिती मालकाच्या मालकीची नाही.

अर्थात ‘जिना’लाही भोकं आहेत. आयुर्विमा त्यात येत नाही आणि १५ पेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणी तो लागू होत नाही. कॅनडाने २०१७ मध्ये याहून कडक कायदा केला. कुठलाही करार करताना जीन टेस्टची सक्ती करणं तिथे गुन्हा आहे. २०२० मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने तो कायम ठेवला.

आपल्याकडे डीएनएबद्दल एक विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं होतं. पण ते गुन्ह्यांचा तपास आणि बेपत्ता माणसांची ओळख पटवण्यासाठी होतं. तेही २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं. २०२३ चा डिजिटल डेटा संरक्षण कायदा वैयक्तिक माहितीसाठी संमती मागतो, पण जीन्सच्या माहितीला वेगळा, जास्त कडक दर्जा देत नाही. आणि पहिलीच नोकरी मिळणारा मुलगा एचआरच्या संमतीपत्रावर ‘नाही’ लिहील, असं कुणाला वाटतं का?

टेस्ट करू की नको?

खरा घोळ इथे आहे.

समजा, कोडोलीतली एक मुलगी आहे. वय २०, बीएस्सीला. तिच्या काकांना चाळिशीत हृदयाचा तोच जाड स्नायूवाला आजार निघाला. डॉक्टर म्हणाले, घरातल्या सगळ्यांनी तपासून घ्या. टेस्ट केली आणि जीन सापडला, तर दरवर्षी इको करून, वेळेत औषधं घेऊन ती निवांत आयुष्य जगू शकते. टेस्ट केली आणि सापडला नाही, तर डोक्यावरचं ओझंच उतरलं. दोन्हीकडून फायदाच. तरी घरचे म्हणतात, नको. कागदावर आलं की विमा मिळणार नाही, नोकरीत अडचण येईल, लग्नाचं तर बोलायलाच नको.

घरच्यांची भीती वेडेपणाची नाही. कायद्याने जी जागा मोकळी सोडली, तिथे ती भीती येऊन बसली आहे. आणि तिची किंमत पैशात मोजता येत नाही, कारण न केलेल्या टेस्टमुळे न कळलेला आजार एखाद्या दिवशी कबड्डीच्या मैदानावर कळतो.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर बघा. जुलै २०२३ मध्ये केंद्राने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा, असं उद्दिष्ट आहे. विदर्भातल्या आणि खानदेशातल्या आदिवासी भागांना याचा मोठा उपयोग आहे. पण तपासणी झाली की माणसाच्या नावापुढे एक नोंद तयार होते. ती नोंद उपचारासाठीच वापरली जाईल, नोकरीच्या दारात दाखवायला लावणार नाही, अशी कायद्याची हमी मिळाली तरच लोक मनापासून पुढे येतील. अमेरिकेने १९७० च्या दशकात हमी न देता तपासणी केली आणि काय झालं, ते वर वाचलंच.

एवढं तरी लक्षात ठेवा

- विम्याचा फॉर्म एजंटला भरू देऊ नका, स्वतः भरा. विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर द्या. लपवलेली माहिती क्लेमच्या वेळी तुमच्याच विरोधात वापरली जाते.

- जे विचारलेलं नाही, ते आपणहून लिहायची गरज वाटली तर आधी जाणकाराला विचारा. ‘शक्यता’ आणि ‘आजार’ यांत गल्लत करू नका.

- पॉलिसी हातात आली की ‘वगळलेले आजार’ हे पान आधी वाचा. तिथे ‘आनुवंशिक’ हा शब्द दिसला तर कंपनीला लेखी प्रश्न विचारा. उत्तरही लेखीच मागा.

- क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा. महिन्यात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. कोल्हापूरसाठीचं कार्यालय पुण्यात आहे. फी नाही आणि वकीलही लागत नाही. कंपनीच्या उत्तरापासून एका वर्षाच्या आत तक्रार करायची.

- ग्राहक आयोग कोल्हापुरातच आहे. आणि हायकोर्टासाठी आता मुंबई गाठायला नको. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आहे.

- जीन टेस्ट करायची तर आधी डॉक्टरांशी किंवा जेनेटिक काउन्सेलरशी बोला. ऑनलाइन किट मागवताना तुमचा डेटा कुणाला दिला जाईल, ही अट वाचल्याशिवाय ‘आय अ‍ॅग्री’ दाबू नका.

- नोकरीच्या मेडिकलमध्ये कशाकशाची तपासणी होणार आहे, हे विचारणं उद्धटपणा नाही. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं आहे.

मुंबईतल्या त्या कामगाराचा निकाल १९९७ मध्ये लागला आणि एचआयव्हीचा कायदा व्हायला २०१७ उजाडलं. मधली वीस वर्षं लोक कोर्टात गेले, मोर्चे काढले, संघटना केल्या, तेव्हा कायदा झाला. जीन्सच्या बाबतीत दिल्लीचा निकाल येऊनही काही वर्षं झाली. आपल्या भागात आमदार-खासदार लग्नाला येतात, जत्रेला येतात, कॉलेजच्या गॅदरिंगला तर हमखास येतात. स्टेजवरून करिअरवर भाषण करतात. पुढच्या वेळी माइक आपल्याकडे आला तर सेल्फीच्या आधी एक प्रश्न विचारून बघू. आमच्या जीन्सवरून आम्हाला कुणी नाकारू नये, असा कायदा संसदेत कधी मांडणार?

तोवर घरी एक काम करा. एजंटने भरून नेलेल्या फॉर्मची झेरॉक्स मागवा आणि त्यातल्या ‘नाही’च्या टिक एकदा मोजा.